गावरान कोंबडा, मोरपीस आणि वायंडिंगची तार : घरच्या घरी 'माशी' बांधणे

गिरणाकाठी:
राम राम मंडळी. मागे इथल्याच कुठल्याशा चर्चेच्या धाग्यावर मी फ्लाय फिशिंगचा विषय काढला होता तेव्हा दोघातिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं की बाबा ते सामान मिळतं कुठं, म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत, गळावरच पिसं, लोकर, दोरा गुंडाळून खोटा किडा बनवतात आणि तो पाण्यावर नाहीतर पाण्याखालून फिरवतात. आमच्या घरी त्याला 'माशी' हाच शब्द रूढ झालाय. माशीने मासा धरायला चाललो म्हटलं की आई अजून हसते.

सुरुवातीला मी पण शहाणपणा करून ऑनलाइन किट मागवलं होतं. साडेतीन हजार गेले. पुड्या उघडल्या तर निम्म्या पिसांना कसर लागलेली, नुसते दांडे उरलेले, आणि विकणारा परत घ्यायला तयार नाही. व्हिडिओ बघावेत तर त्यात हरणाचे केस, सशाच्या कानाची लव, फेझंट पक्ष्याची शेपटी, आता हे भडगावच्या बाजारात कुठून आणू. सहा महिने किट कपाटावर धूळ खात पडलं. मग एका रविवारी चिकनच्या दुकानात एक म्हातारा लाल गावरान कोंबडा कापत होते आणि त्याच्या मानेची पिसं कचऱ्यात पडताना बघितली, लांब, निमुळती, चकाकणारी, किटमधल्या हजार रुपयांच्या पुडीत होती त्याच जातीची. दुकानदाराला म्हटलं मान तेवढी कातडीसकट दे. तो बघतच राहिला.

तर आता माझं सगळं सामान असं आहे. गावरान कोंबड्याची मान आणि कोंबडीची मान, मोरपीस, शिवणाचा पॉलिस्टर दोरा (शक्य तितका बारीक), मेण, आणि तांब्याची तार. तार मोटर वायंडिंगवाल्याकडची, आपल्याकडं विहिरीवरच्या मोटरी जळतातच त्यामुळे प्रत्येक गावात एक वायंडिंगवाला असतोच, केसासारखी बारीक तार मागा, तुकडे फुकट देतो. शेवटी लावायला बायकोचं बिनरंगाचं नेलपॉलिश. बाभळीचा डिंक मी लावून बघितला होता, पाण्यात विरघळून गेला, अर्थात जाणारच, पण त्या दिवशी सुचलं नाही.

बांधायची पद्धत सांगतो. ८ किंवा १० नंबरचा गळ घ्या, नंबर वाढला की गळ बारीक होतो हे लक्षात ठेवा. गळ धरायला वाइस लागतो, मी सोनारकामातला छोटा हात-वाइस टेबलाच्या कडेला बांधलाय. दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या म्हणजे घसरत नाही. गळाच्या नेढ्यामागून सुरुवात करून वाकापर्यंत दोरा एकाला एक लावून न्या. तिथं तारेचं टोक आणि मोरपिसाचे तीन-चार तंतू बांधा, दोरा घेऊन पुढे या, मग ते तंतू पीळ देऊन गळावर गुंडाळत पुढे आणा, हिरवट तांबूस चमकणारं जाड अंग तयार होतं. तार त्यावरून उलट्या दिशेनं अंतर ठेवून गुंडाळा, कारण मोराचा तंतू फार नाजूक, माशाचे दात लागले की तुटतो आणि सगळं अंग उलगडतं. शेवटी कोंबडीच्या मानेचं मऊ पीस टोकाकडून बांधून दोनच वेढे, दोनच. तीन-चार अर्ध्या गाठी, नेलपॉलिशचा थेंब, झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेढ्यामागं दीडेक मिलिमीटर जागा मोकळी सोडा. माझ्या पहिल्या वीसेक माश्यांची गाठच बांधता येईना कारण पीस पार नेढ्यापर्यंत नेलेलं, एकीत तर नेढंच बुजलं.

आधी मला वाटायचं जितकी पिसं जास्त तितकी माशी जिवंत दिसेल. माझ्या पहिल्या माश्या म्हणजे ओली कोंबडीच. एका मोसमात एक मासा नाही. नंतर एक माशी अर्धवट तुटलेली, पिसाचे पाचसहा केस राहिलेले, तीच टाकली आणि डोहात लागोपाठ तीन चिलाप्या. तेव्हापासून माझा एकच हट्ट, कमी गुंडाळा.

जिभाऊ_अमळनेर:
भाऊ, इतला उद्योग कसाले? कणीकनी गोळी लाव, थोडी हिंग घाल, बोरी नदीवर दोन तासमा पिशवी भरस. आम्ही बठ्ठा जलम तेच करं.
(चिडू नका, वाचायला मजा आली. पण कोंबड्याची मान फेकतात हे खरं, आमच्याकडे तर घरचेच कोंबडे शेत, कितला पाहिजेत ते सांगा.)

शाकाहारी_बटाटा:
शीर्षकात 'माशी बांधणे' वाचून मला वाटलं गोठ्यातल्या माशांवर उपाय असेल. निघतो.

रानजाई:
छान धागा. पण मोरपिसाबद्दल एक नीट सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी अडचणीत येईल. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे. गळून पडलेली शेपटीची पिसं जवळ ठेवायला किंवा देशातल्या देशात विकायला हरकत नाही, कायद्यात तेवढीच सूट आहे. परदेशी पाठवता येत नाहीत, म्हणजे कुणी तिकडच्या मित्राला पाकिटात घालून पाठवू नका. आणि सूट फक्त शेपटीच्या पिसांना, मानेची निळी पिसं किंवा पंखांची पिसं त्यात येत नाहीत. आमच्या शहाद्याकडे शेताच्या बांधावर पावसाळा सरता सरता पिसं अशीच पडलेली सापडतात, पोरं गोळा करून आणतात, तीच घ्यावीत.

दुसरं मुंगूस. कुणीतरी सांगतं की रंगाच्या ब्रशचे मुंगसाचे केस माशीला छान लागतात. अजिबात नको, मुंगसं मारूनच ते ब्रश बनतात आणि तो गुन्हा आहे. तसंच रानकोंबडा. करड्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट ठिपके असतात आणि विलायतेत सामन मासा धरायच्या माश्यांसाठी त्याची फार किंमत. आपल्याकडं जंगलात तो दिसला तर बघून आनंद घ्यायचा.

गिरणाकाठी:
ताई, बरं झालं लिहिलंत, मला शेपटी आणि पंखातला फरक माहीत नव्हता. माझ्याकडं शेपटीचीच आहेत, दसऱ्याच्या सुमारास शेतातून आणलेली.
जिभाऊ, हिंग-कणकेला तोड नाही हे मान्य, पण गोळीवर रोहू, मृगळ येतो, माशीवर येतो तो शिकारी मासा. ज्याला किडा किंवा बारकी मासोळी दिसली की झडप घालायची सवय आहे तो. कटला तर पाण्यात तोंड उघडून सूक्ष्म जीव गाळून खातो, त्याच्यासमोर माझी माशी नाचवून काय उपयोग. मी दोन वर्षं नाचवली.

पांझरापार:
धागाकर्ते जे म्हणताहेत त्याला चांगला जुना आधार आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रियस नदीवरच्या मासेमारीचं वर्णन केलंय. तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या लोळीजवळची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधायचे. बस, लोकर आणि दोन पिसं. आपल्या जिभाऊंच्या अंगणातलंच सामान झालं की ते.

आणि वायंडिंगच्या तारेवरून आठवलं, इंग्लंडमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर म्हणून नदीचा राखणदार होता, त्यानं फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावरच एक माशी बांधली, दोरा वापरलाच नाही. तारच दोरा आणि तारच वजन, त्यामुळे माशी झटकन खाली जाते. मी पांझरा नदीवर हेच करतो, फक्त फेझंटच्या ऐवजी तपकिरी गावरान कोंबडीच्या शेपटीतले तंतू घेतो. १२ नंबरच्या गळावर. बारक्या चंदेरी मासोळ्या, त्या पाण्याच्या वरच्या थरात थव्यानं फिरतात ना, त्यांना भारी आवडते. मासा बोटभर पण मजा तेवढीच.

नवखा_चाळीसगाव:
मी सध्या पुण्यात असतो पण गाव चाळीसगाव. दोन शंका आहेत. एक म्हणजे ब्रॉयलरची पिसं चालतील का, इकडं गावरान मिळत नाही. दुसरं, कोंबड्याची मान आणली की घरात वास येतो, आई दारातूनच परत पाठवेल, काय करायचं?

गिरणाकाठी:
ब्रॉयलर नको. तो जेमतेम दीड महिन्याचा असतो, मानेची लांब पिसं यायच्या आधीच कापतात, सगळी पिसं पांढरी, भुसभुशीत. कोंबडा जितका म्हातारा तितकं पीस ताठ आणि चिवट. नरम पीस पाण्याखालच्या माशीला, ताठ पीस तरंगत्या माशीला, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं. पिसाचे केस गळाच्या तोंडाच्या दीडपट-दुप्पट लांब असावेत.

वासाचं असं, कातडीला आतून लागलेली चरबी चमच्यानं खरवडून काढा, मग शाम्पूनं धुवा आणि सावलीत पुठ्ठ्यावर पिनांनी ताणून आतल्या बाजूला जाड मीठ चोपडून ठेवा. आपल्या खान्देशी उन्हाळ्यात तीन दिवसात खडखडीत वाळते. उन्हात टाकू नका, रंग उडतो आणि मांजर नेते. वाळल्यावर मीठ झटकून डांबराच्या गोळ्या घालून घट्ट डब्यात. कडुनिंबाचा पाला पण ठेवून बघितला, एका पावसाळ्यात कसर लागलीच, त्यामुळे माझा निंबावर विश्वास नाही.

केळीवाला_रावेर:
अरे आमच्याकडं येऊन बघा की, केळीच्या सोपटाचा धागा! घड कापल्यावर खोड आडवं पडलेलंच असतं, त्याचं सोपट सोलून बोथट सुरीनं गर खरवडला की आत लांबच लांब चमकदार धागे निघतात, ओले असतानाच वेगळे करायचे. मी ते माशीच्या अंगाला गुंडाळतो, फिकट सोनेरी दिसतं आणि किड्याच्या पोटावर जसे वेढे असतात तसे आपोआप पडतात. शेपूट म्हणून तीन धागे सोडले तरी बेस. फक्त वाळल्यावर कडक होतात म्हणून बांधायच्या आधी दहा मिनिटं पाण्यात भिजवा. रंग द्यायचा तर हळद नको, दोन आठवड्यात पांढरा होतो, मी कांद्याची साल उकळून घेतो तुरटी घालून, पण पिसं आणि लोकर जसा रंग पितात तसा केळीचा धागा पीत नाही, फिकटच राहतो.

रानजाई:
रंगाला चहा! पांढऱ्या कोंबडीची पिसं कडक चहात अर्धा तास, तपकिरी होतात, आमच्याकडं त्यासाठी वेगळं पातेलं ठेवावं लागलं एवढंच. पळसाची फुलं पण छान, शिमग्याच्या वेळी सातपुड्यात हवी तेवढी, पिवळा-नारिंगी रंग येतो, तुरटीनं पक्का होतो.

आणि तरंगती माशी करणाऱ्यांसाठी, कापूस वापरू नका. इकडं सगळीकडं कपाशी म्हणून पहिला विचार तोच येतो पण कापूस पाणी पिऊन दगड होतो. काटेसावरीचा कापूस घ्या, एप्रिल-मे मध्ये बोंडं फुटून उडतो तो. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो म्हणून पाणी धरत नाही. रुईच्या बोंडातला पण तसाच. तो मेण लावलेल्या दोऱ्यावर चिमूटभर पसरवून बोटांत पीळ द्यायचा, दोरी तयार झाली की गळावर गुंडाळायची.

याच कापसाची मी उधईची (वाळवीची) माशी करते. पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी जमिनीतून पंखवाल्या उधया निघतात, दिव्याभोवती आपल्याला त्रास देतात त्याच, पाण्यावर पडल्या की मासे वेडे होतात. चहानं रंगवलेला सावरीचा कापूस अंगाला, आणि कोंबड्याच्या फिकट तपकिरी पिसांची दोन टोकं पाठीवर सपाट निजवून पंख म्हणून. वर्षातल्या तीनचार संध्याकाळी चालते. पण त्या संध्याकाळी दुसरं काही चालत नाही.

भोईराज:
मी प्रकाशा गावचा. आमचं घराणं तापीवर जाळं टाकणाऱ्यांचं, त्यामुळे हे पिसाचं प्रकरण आधी मला हसू आलं. पण माझे आजे सांगायचे की नायलॉन यायच्या आधी घोड्याच्या शेपटीचे केस वळून गळाची दोरी करायचे. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथून केस आणायचे. घोडीच्या शेपटीचा केस घेऊ नये म्हणायचे, मुतानं कुजतो. खरं खोटं देव जाणे पण आजे घोड्याचाच घ्यायचे.

हे वाचून मी गेल्या यात्रेतून मूठभर काळे-पांढरे केस आणले आणि पांढरा केस गळाला एकाला एक लावून गुंडाळला, खाली लाल दोरा. ओला झाला की आतला लाल रंग दिसतो, अगदी भरल्या पोटाच्या किड्यासारखा. गंमत वाटली.

मरळसाठी मात्र ही नाजूक माशी नाही चालत, सांगून ठेवतो. मरळला बेडूक पाहिजे. बोकडाच्या शेपटीचे लांब केस, मोठा गळ, आणि डोक्याला ज्वारीच्या धांड्याचं भेंड.

पांझरापार:
भेंड! लहानपणी त्याच्या बैलगाड्या करायचो. तरंगतं ना पण ते, फुगत नाही का पाण्यानं?

भोईराज:
फुगतं की. म्हणून दोन हात नेलपॉलिश. सुक्या कडब्यातला जाड धांडा घ्यायचा, वरची साल काढून इंचभर तुकडा कापायचा, खालून चीर देऊन गळाच्या दांडीवर बसवायचा, आधी दांडीवर दोरा गुंडाळून ठेवायचा नाहीतर भेंड गोल गोल फिरतं. तोंड पुढून थोडं तिरकं-खोलगट कापलं की ओढताना पाण्यात बुडुक बुडुक आवाज होतो. मागं बोकडाचे केस, फार नाहीत, काडेपेटीच्या दोन काड्या एवढी जाडी. गवतात अडकू नये म्हणून गळाच्या टोकापुढं जाड नायलॉनचा तुकडा कमानीसारखा बांधायचा. संध्याकाळी पाणवनस्पतीच्या कडेला टाका आणि थांबा. मरळनं आवाज केला की लगेच झटका द्यायचा नाही, मनात दोन म्हणायचं.

एक मात्र हात जोडून. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर तिथं टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात, ते काहीही जवळ आलं की तुटून पडतात, म्हणून धरणं एकदम सोपं. पण आईबाप गेले की पिल्लांना बाकीचे मासे एका दिवसात संपवतात. आमच्याकडचे म्हातारे हे कधीच करत नव्हते.

आणि धरणाच्या पाण्यात जाताना त्या धरणाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडं असेल त्यांना विचारून जा. त्यांनी बीज सोडायला पैसे घातलेले असतात. अनेर धरणाकडं तर जाऊच नका, ते अभयारण्य आहे.

जिभाऊ_अमळनेर:
भोईराज दादा, तुम्हनं बरोबर शे. आमना बाप पण पिल्लासना गोळावर गळ टाकू देत नव्हता, एकदा मी टाकला व्हता तर घरी येईसन चपलीनं मारलं.
बरं आता मी काय सांगस, धाग्यात एवढं वाचल्यावर मी पण एक बांधली. वाइस नही, पान्यात गळ धरला. पीस कोणतं घेतलं ते विचारू नका. नातू म्हणतो आजोबा हे झुरळ आहे.

गिरणाकाठी:
जिभाऊ झुरळ पण चालतं, खरंच! नाकतोडा, झुरळ सगळं पाण्यात पडतं. फोटो टाका.

नवखा_चाळीसगाव:
रॉड कोणता घेऊ? सगळे म्हणतात फ्लाय रॉड आणि रीळ वेगळं लागतं, किमती बघून घाम फुटला.

पांझरापार:
घेऊच नका सुरुवातीला. जपानात डोंगरी ओढ्यांवर टेनकारा म्हणून प्रकार आहे, त्यात रीळच नसतं, लांब लवचिक काठीच्या शेंड्याला दोरी बांधायची आणि माशी टाकायची. आपल्याकडं दहा-बारा फुटी बारीक बांबू आठवडे बाजारात मिळतो, शेंडा लवचिक बघून घ्या. दोरी काठीएवढीच लांब, शेवटचा हातभर बारीक नायलॉन. त्यांच्या माशीला ते केबारी म्हणतात, तिचं पीस पुढं नेढ्याकडं झुकलेलं असतं, उलटं. काठी हलकेच ठकठक केली की ते पीस उघडतं-मिटतं, छत्रीसारखं. बांधायला धागाकर्त्यांच्या माशीपेक्षाही सोपी, दोऱ्याचं अंग आणि पिसाचे दोनतीन वेढे, मोरपीस पण नको. बांबू मात्र ओला घेऊ नका, वाळल्यावर वाकतो आणि मग सरळ होत नाही, माझा एक अजून अंगणात कपडे वाळवायला आहे.

केळीवाला_रावेर:
महाशीर मासा कुणी माशीवर धरलाय का इथं? सुकी नदीकडं जुने लोक सांगतात पूर्वी होता म्हणून.

रानजाई:
नर्मदेकडं माझ्या मामानं बघितलाय, धरला नाही. तो उंबराखाली येतो, झाडावरून पिकलेली उंबरं पाण्यात टपटप पडतात ती खायला. त्यामुळे मी एक उंबराची माशी करून ठेवलीय, लाल-तपकिरी लोकरीचा गोळा, कात्रीनं गोल कापलेला, मोठ्या गळावर. पाण्यात सोडताना टप असा आवाज यायला पाहिजे एवढंच तिचं काम. अजून तिला पाणी लागलेलं नाही. आणि लागला तर सोडून द्यायचा, तो आता राहिलाय किती.

गिरणाकाठी:
उंबराची माशी हे भन्नाट आहे. आमच्याकडं डोहावर एक उंबर आहे, पण खाली चिलाप्याच.

अजून एक राहिलं. मोरपिसाच्या डोळ्यातले तंतू आणि खालचे तंतू वेगळे असतात. डोळ्यातला एक तंतू घेऊन खोडरबरानं हलकेच घासला की त्याची लव निघते आणि आतला दांडा उरतो, एका बाजूनं गडद एका बाजूनं फिकट. तो गुंडाळला की काळे-पांढरे पट्टे दिसतात, डासाच्या पोटासारखे. नाजूक काम आहे, मी दहातले सहा तोडतो, पण डोहातल्या हट्टी माशांना, ज्यांनी माझ्या बाकी सगळ्या माश्या बघून ठेवल्यात त्यांना, ही चालते.

जिभाऊ_अमळनेर:
फोटो टाकता येत नही, नातू शाळामा गया. पण ऐका, काल ते झुरळ बोरीवर नेलं. एक चिलापी लागनी. तळहातएवढी. गोळीवर त्याच वेळी शेजारच्याला सात लागल्या ते सोडा. आता लाल कोंबडा या आठवड्यात कापणार शे, भाऊ मान पाहिजे का?

गिरणाकाठी:
पाहिजे पाहिजे, कातडीसकट ठेवा! रविवारी अमळनेरला येणारच आहे. मीठ लावून ठेवा फक्त, आणि फ्रीजमध्ये ठेवली तर घरात आधी सांगून ठेवा, मागच्या वेळी आमच्याकडं पाहुण्यांनी पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला होता.